मुका मार म्हणून घरी पाठवलेल्यांची भरपाई

अंगठा ताणून वर उचलला की त्याच्या बुडाशी, मनगटाच्या कडेला एक खळगा उमटतो. तपकिरीचे शौकीन पूर्वी चिमूट ठेवायला तो वापरत. त्या खळग्याच्या तळाशी काजूगरासारखं एक छोटं हाड असतं, स्कॅफॉइड. पावसाळ्यात अंधेरी स्टेशनच्या पुलाच्या ओल्या पायऱ्यांवरून पाय सटकला की माणूस आपसूक हात टेकतो आणि अंगाचा सगळा भार या हाडावर येतो. मनगट थोडं सुजतं, बोटं मात्र हलतात. घराजवळच्या दवाखान्यात एक्स-रे निघतो, फिल्म उजेडात धरली जाते आणि निकाल मिळतो, "फ्रॅक्चर नाही, मुका मार आहे. क्रेप बँडेज बांधा, आठ दिवसांत बरं वाटेल."

या हाडाची एक खोड आहे. त्याला रक्त मिळतं ते बोटांकडच्या टोकातून, आणि तिथून ते उलटं मागे जातं. मधे भेग पडली की मागचा तुकडा उपाशी राहतो. त्यातून ताजी भेग पहिल्या एक्स-रेत दिसेलच असं नाही. दहा-चौदा दिवसांनी, भेगेच्या कडा जरा झिजल्यावर ती दिसू लागते. तोवर हात मोकळा राहिला तर हाड सांधायचं राहून जातं. तीन-चार महिन्यांनी पाण्याची कळशी किंवा बाजाराची पिशवी उचलताना जीवघेणी कळ येते, तेव्हा आतला तुकडा मरू घातलेला असतो. मग कमरेच्या हाडातून कलम काढून स्क्रूने बसवायची शस्त्रक्रिया, बिनपगारी रजा, फिजिओथेरपी. इतकं करूनही मनगट पहिल्यासारखं वळेल याची हमी कुणी देत नाही.

अशा वेळी दोन प्रश्न उभे राहतात. चुकलं कोण, आणि हा भुर्दंड सोसायचा कुणी? आपल्या कायद्याने दोन्ही एकाच दाव्याला बांधून टाकले आहेत. चूक सिद्ध झाली तर पैसे, नाही तर काहीच नाही. माझं म्हणणं असं की निदान चुकलेल्या दुखापतींच्या बाबतीत ही गाठ सोडवली पाहिजे. ती घट्ट राहिल्याने ना रुग्णाला वेळेत पैसे मिळतात, ना डॉक्टरची चूक नीट तपासली जाते.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू, कारण त्याबद्दल दोन्ही बाजूंचे गैरसमज आहेत. निदान चुकलं म्हणजे हलगर्जीपणा झालाच, असं कायदा मानत नाही. 1957 च्या बोलॅम खटल्यात इंग्लंडमध्ये जी कसोटी ठरली, ती आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 2005 च्या जेकब मॅथ्यू निकालात स्वीकारली. त्या विद्याशाखेतला साधारण कुवतीचा, जबाबदार डॉक्टर अशा परिस्थितीत जे करील ते या डॉक्टरने केलं का, एवढंच पाहायचं. सर्वोत्तम डॉक्टरची अपेक्षा नाही आणि अचूक उत्तराचीही नाही.

ही कसोटी मला रास्त वाटते. स्कॅफॉइडची भेग पहिल्या फिल्मवर दिसली नाही हा कुणाचाच दोष नव्हे. डॉक्टरला विचारायचं ते वेगळंच. त्या खळग्यात बोट दाबून पाहिलं का? दुखलं तर अंगठ्यासकट हात बांधून ठेवला का? दोन आठवड्यांनी पुन्हा एक्स-रेला बोलावलं का? बोलावलं असेल तर ते कागदावर आहे का? म्हणजे दावा उभा राहतो तो चुकलेल्या उत्तरावर नव्हे, न विचारलेल्या प्रश्नांवर. न्हाणीघरात घसरलेल्या आजीचंही तसंच. मांडीच्या हाडाच्या मानेला बारीक चीर असली तर माणूस लंगडत का होईना, चालत दवाखान्यात येतो आणि एक्स-रे स्वच्छ निघू शकतो. "वयोमानाने सांधे दुखतात" म्हणून घरी पाठवल्यावर आठवड्याभरात ती चीर सरकते आणि आजी अंथरुणाला खिळते. पाय टेकवत नाही असं ती सांगत असताना पुढची तपासणी केली का, हा इथला प्रश्न.

न विचारलेल्या प्रश्नांचा मुंबईतला सगळ्यात गाजलेला खटला हाडाचा नव्हे, तापाचा आहे. जुलै 1992 मध्ये एका तरुण विक्री व्यवस्थापकाला ताप आला. डॉक्टरने आधी व्हायरल म्हणून औषध दिलं, मग टायफॉइड म्हणून, आणि दोन्ही वेळा तपासण्या न करता. दहा-बारा दिवसांत रुग्ण बेशुद्धावस्थेत हिंदुजा रुग्णालयात पोहोचला आणि दगावला. डॉक्टरची पदविका होमिओपॅथीची होती, औषधं ॲलोपॅथीची. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने पत्नीची तक्रार फेटाळली, पण 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, जे शास्त्र शिकला नाही त्याची औषधं देणं हाच हलगर्जीपणा, असं म्हणत तीन लाखांची भरपाई दिली. पूनम वर्मा खटला म्हणून तो ओळखला जातो. (त्यानंतर 2014 मध्ये आपल्याच राज्याने एक वर्षाचा अभ्यासक्रम केलेल्या होमिओपॅथांना ॲलोपॅथीची औषधं लिहायची वाट करून दिली आणि 2025 मध्ये त्यावरून पुन्हा रान पेटलं. आपली स्मरणशक्ती अशी.)

कसोटी ठीक असली तरी ती लावायची कुणाच्या साक्षीवर, हा खरा तिढा. साधारण कुवतीचा डॉक्टर काय करील हे दुसरा डॉक्टरच सांगणार. बोरिवलीत दुसरं मत देणारे अस्थिरोगतज्ज्ञ तोंडी भडाभडा बोलतात, "अहो, हे तेव्हाच दिसायला हवं होतं," आणि तेच लिहून मागितलं की पेनातली शाई संपते. त्यांना मी सर्वस्वी दोष देणार नाही. उद्या त्याच नर्सिंग होममध्ये त्यांनाही ऑपरेशनला उभं राहायचं असतं. पण रुग्णाच्या हाती उरतं ते तोंडी सांत्वन, आणि आयोगापुढे त्याची किंमत शून्य.

या तिढ्यात उपनगराचा थेट हात आहे. विलेपार्ल्याच्या नानावटी रुग्णालयात 1991 मध्ये मूत्रपिंडाच्या एका रुग्णाला अमिकासिन हे प्रतिजैविक दिलं गेलं. त्याने आपलं ऐकू येणं गेलं, अशी रुग्णाची तक्रार होती. राष्ट्रीय आयोगाने रुग्णाच्या बाजूने निकाल दिला. फेब्रुवारी 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला, डॉक्टर निर्दोष ठरले, आणि जाता जाता न्यायालयाने असंही सांगून टाकलं की यापुढे डॉक्टरला नोटीस काढण्याआधी ग्राहक मंचाने प्रकरण तज्ज्ञांच्या समितीकडे पाठवावं. म्हणजे दाराशी पोहोचण्याआधीच डॉक्टरांचा पहारा. वर्षभर देशभरातल्या मंचांत या एका परिच्छेदाने तक्रारी खोळंबल्या.

सोडवणूक झाली ती हैदराबादच्या एका खटल्यात, आणि तो नेमका चुकलेल्या निदानाचा होता. थंडी वाजून ताप आलेल्या बाईला टायफॉइडची औषधं दिली जात होती. टायफॉइडसाठीची विडाल तपासणी निगेटिव्ह होती. दुसऱ्या रुग्णालयात हलवल्यावर कळलं की हा मलेरिया, पण तोवर फार उशीर झाला होता. जिल्हा मंचाने नवऱ्याला दोन लाख दिले आणि राज्य आयोगाने ते काढून घेतले, कारण तज्ज्ञाची साक्ष नव्हती. मार्च 2010 च्या व्ही. किशन राव निकालात सर्वोच्च न्यायालयाने ते परत दिले. प्रत्येक तक्रारीत तज्ज्ञ लागतोच असं नाही, जिथे कागदच बोलतो तिथे नाही, असं त्यात म्हटलं आहे. 2009 चा तो परिच्छेदही आधीच्या मोठ्या पीठांच्या निकालांशी विसंगत म्हणून बाजूला सारला गेला. कायद्याच्या पुस्तकात प्रश्न मिटला. व्यवहारात मनगटाचा एक्स-रे घेऊन जाणाऱ्याला अजूनही "तज्ज्ञाचा अहवाल कुठे आहे?" हेच ऐकावं लागतं.

मग जिंकतं कोण? या देशातल्या वैद्यकीय हलगर्जीपणाच्या दोन थोर खटल्यांकडे पाहा. पहिला आपल्याकडचाच. 6 मे 1953 च्या संध्याकाळी रत्नागिरी जिल्ह्यात, पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर वीस वर्षांच्या एका तरुणाच्या डाव्या मांडीचं हाड मोडलं. गावच्या डॉक्टरांनी पायाला फळ्या बांधल्या, निदान बरोबर केलं, पुण्याला न्या म्हणाले. टॅक्सीत आडवं घालून दोनशे मैलांचा रात्रीचा प्रवास करून त्याला पुण्यात आणलं, आणि त्याच दिवशी संध्याकाळी, हाड ओढून बसवण्याचा प्रयत्न झाल्यावर काही तासांत तो गेला. भूल न देता, तिघाचौघांनी पाय खेचून हे केलं गेलं असा निष्कर्ष कोर्टांनी काढला. शल्यचिकित्सकांचं म्हणणं होतं की मृत्यू फॅट एम्बॉलिझमने, चरबीचा कण रक्तात गेल्याने झाला. कोर्टाने ते मानलं नाही. खटला खालच्या कोर्टातून मुंबई उच्च न्यायालयात आणि तिथून दिल्लीला गेला. 2 मे 1968 ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल कायम केला. भरपाई तीन हजार रुपये. मुलगा जाऊन पंधरा वर्षं झाली होती. रुग्ण हाती घ्यावा का, कोणते उपचार करावेत आणि ते कसे करावेत, या तिन्ही टप्प्यांवर डॉक्टरवर काळजी घेण्याचं कर्तव्य असतं, हे सूत्र आजही प्रत्येक वकील उद्धृत करतो ते याच निकालातून.

दुसरा कोलकात्याचा. 1998 मध्ये अंगावर पुरळ आलेल्या एका तरुणीला स्टिरॉइडचे भरमसाट डोस दिले गेले. तिला टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलायसिस हा कातडी सोलून काढणारा रोग झाला होता. शेवटी विमानाने तिला मुंबईत ब्रीच कँडीला आणलं आणि 28 मे ला ती तिथेच वारली. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच कोटी शहाण्णव लाखांच्या आसपास भरपाई अधिक व्याज मंजूर केलं. इथेही पंधरा वर्षं.

पालशेतच्या मुलाचे वडील, त्रिंबक गोडबोले, दौंडला दवाखाना चालवणारे डॉक्टर होते. कोलकात्याच्या तरुणीचे पती कुणाल साहा हेही डॉक्टर. केसपेपर कसा वाचायचा, डोस कुठे चुकला, भूल का हवी होती, हे दोघांना कुणाला विचारावं लागलं नाही. ज्या व्यवस्थेत डॉक्टरविरुद्ध ठामपणे उभं राहायला घरात डॉक्टर असावा लागतो, ती मुलुंडच्या रिक्षाचालकाला काय देणार?

वैद्यकीय ज्ञान कधीकधी उलटतंही. गोव्यातल्या एका सरकारी रुग्णालयातल्या परिचारिकेवर 1993 मध्ये मुंबईत पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली. नंतर पोटात दुखत राहिलं, ती वेदनाशामक गोळ्या घेत राहिली. 2002 मध्ये सीटी स्कॅननंतर लीलावतीत पुन्हा पोट उघडलं तेव्हा आत गॉझचा गोळा सापडला. 2004 मध्ये तिने तक्रार केली. 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मुदतबाह्य ठरवली. स्वतः परिचारिका असून इतकी वर्षं दुखत असताना कुणाला दाखवलं नाही, सावध व्यक्तीने तेव्हाच शोध घेतला असता, असा त्या तर्काचा रोख होता. कायद्याच्या चौकटीत तो बसतही असेल. पण नोकरी, घर आणि स्वयंपाक यांच्या मधे दुखणं अंगावर काढायची सवय ज्या समाजाने बाईला लावली, त्याच समाजाच्या कोर्टाने तिच्या सोसण्याचा हिशेब तिच्याच नावावर मांडावा, हे मला पटत नाही.

मुदतीचा हा सापळा हाडांच्या दुखापतींत जास्त जाचक असतो. तक्रारीला दोन वर्षं. ती मोजायची दुखापत झाली तेव्हापासून, की ती चुकीची ओळखली गेली हे कळलं तेव्हापासून? दुखापत लगेच दिसणारी नसेल तर कळल्यापासून, असं कोर्ट म्हणतं, पण कळायला कधी हवं होतं हेही कोर्टच ठरवतं. मुका मार या शब्दांवर विश्वास ठेवून जो गप्प बसला, त्याला पुढे "गप्प का बसलात?" हा प्रश्न येणारच.

आता पैशांचं. भरपाई ठरते ती प्रामुख्याने बुडालेल्या कमाईवर, म्हणून एकच मोडलेलं मनगट दोन दरांनी विकलं जातं. अंधेरीच्या सीप्झमधल्या इंजिनिअरचं महाग, घाटकोपरच्या चाळीत पोळीभाजीचे डबे करणाऱ्या बाईचं स्वस्त. तिची कमाई खरं तर त्या मनगटातच आहे, पण पगाराची चिठ्ठी नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 च्या अरुणकुमार मांगलिक निकालात, भोपाळमधल्या डेंग्यूच्या एका मृत्यूबद्दल, गृहिणीच्या श्रमाला आर्थिक मोल आहे असं स्पष्ट म्हणून पंधरा लाख दिले. चांगलं झालं. पण ते मृत्यूनंतर. हात अर्धवट वळणाऱ्या जिवंत बाईचं मोल ठरवायला अजून कुणी धड बसलेलं नाही.

आणि ही सगळी चर्चा पैसे मोजून उपचार घेणाऱ्यांची. 1995 च्या व्ही. पी. शांता निकालाने डॉक्टरांना ग्राहक कायद्याखाली आणलं, पण जिथे सगळ्यांनाच उपचार फुकट मिळतात ती रुग्णालयं वगळली. केसपेपरचे नाममात्र पैसे हा मोबदला नव्हे. त्यामुळे पालिकेच्या राजावाडी, कूपर, भगवती, शताब्दी इथे गेलेल्या रुग्णाची तक्रार "तुम्ही मुळात ग्राहक आहात का?" या उंबरठ्यालाच ठेचकाळते. कामगार विमा रुग्णालयांचं तसं नाही. 2007 च्या किशोरलाल निकालात, तोही चुकीच्या निदानाचाच, कोर्टाने म्हटलं की कामगाराच्या पगारातून वर्गणी कापली जाते, म्हणून तो ग्राहकच. तेव्हा अंधेरी, कांदिवली, मुलुंडच्या कामगार रुग्णालयात कार्ड घेऊन जाणारा कामगार आयोगात जाऊ शकतो, आणि त्याच्याच चाळीतली, कार्ड नसलेली घरकामवाली कूपरमध्ये गेली तर बहुधा नाही. मुंबई ग्राहक पंचायतीचं ग्राहक भवन नेमकं कूपर रुग्णालयाच्या मागे आहे. पन्नास पावलांच्या अंतरावर हक्क आणि हक्काचा अभाव शेजारी नांदतात. त्या घरकामवालीला दिवाणी कोर्ट मोकळं आहे, अर्थात. दाव्यावर कोर्ट फी आणि पुढची पिढी हातात धरून.

बाकीचे मार्ग आहेत, पण ते भरपाईचे नव्हेत. महाराष्ट्र वैद्यकीय परिषद डॉक्टरची नोंदणी स्थगित करू शकते, रुग्णाला रुपया देऊ शकत नाही. पोलिसांत गेलात तर जेकब मॅथ्यूनुसार आधी स्वतंत्र वैद्यकीय मत लागतं, आणि मृत्यू झालेला नसताना हा मार्ग धरण्यात फारसा अर्थ नसतो. राहतो दवाखान्याच्या काचा फोडायचा मार्ग. त्याविरुद्ध राज्यात 2010 पासून खास कायदा आहे आणि तो कडक राबवावा. पण हिंसेवर इतकं बोलणाऱ्या डॉक्टरांच्या संघटना तक्रारीचं दार रुंद करण्याबद्दल गप्प असतात. उलट 2019 च्या नव्या ग्राहक कायद्यातून डॉक्टर वगळावेत म्हणून मुंबई उच्च न्यायालयात याचिका झाली, ती 2021 मध्ये फेटाळली गेली आणि 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच कायम ठेवलं.

डॉक्टरांची भीती मात्र खरी आहे, ती उडवून लावू नये. संध्याकाळच्या ओपीडीत खोकला, मधुमेह आणि मुरगळलेले घोटे एकाच रांगेत असतात. प्रत्येक मुरगळीला एमआरआय लिहिला तर रुग्णच "लुटायला बसलेत" म्हणणार, आणि नाही लिहिला तर हजारातला एक कोर्टात खेचणार. दोषारोपाच्या भीतीने डॉक्टर कागद कमी आणि तपासण्या जास्त लिहू लागतात. "मी चुकलो, परत या, बघतो" हे साधं वाक्य वकिलाच्या सल्ल्याने त्यांच्या तोंडातून हद्दपार झालं आहे. रुग्णाला पहिल्यांदा हवं असतं ते तेच.

म्हणून म्हणतो, गाठ सोडवा. हे स्वप्नरंजन नाही, या शहरात ते रोज घडतं. खचाखच भरलेल्या लोकलमधून पडलेल्या प्रवाशाला रेल्वे कायद्याचं 124अ कलम भरपाई देतं आणि चूक कुणाची हे विचारत नाही. आत्महत्या, नशा, स्वतःहून करून घेतलेली इजा असे अपवाद सोडले तर प्रवासी असणं पुरेसं. मृत्यूला 2017 पासून आठ लाख, आणि जखमांचं, फ्रॅक्चरसह, ठरलेलं कोष्टक. चढता-उतरताना तुम्हीच निष्काळजी होता, असं म्हणून रेल्वेला हात झटकता येत नाहीत, हे 2018 च्या रीना देवी निकालाने पक्कं केलं. लालबहादूर शास्त्री मार्गावर रिक्षाने ठोकरलं तर मोटार वाहन कायद्याचं 164 कलम आहे. गंभीर दुखापतीला अडीच लाख, मृत्यूला पाच लाख, दोष सिद्ध न करता. आणि हाड मोडणं ही कायद्याच्या व्याख्येत गंभीर दुखापतच. म्हणजे हाड मोडणाऱ्या रिक्षावाल्याकडून पैसे मिळवायला चूक दाखवावी लागत नाही, ते मोडलंय हे न पाहणाऱ्या डॉक्टरकडून मिळवायला पुराव्यांचा डोंगर उपसावा लागतो.

इस्पितळांतही याला नमुना आहे. सरकारी कुटुंबनियोजन शस्त्रक्रिया फसली, मूल झालं, तर ठरावीक रक्कम देण्याची योजना 2005 पासून चालू आहे. तिथे डॉक्टर वाईट होता हे बाईला सिद्ध करावं लागत नाही. न्यूझीलंडने 1974 पासून सगळ्याच अपघातांसाठी अशी व्यवस्था केली आणि उपचारांतून झालेली इजा तिच्यातच येते. स्वीडनची पद्धत मला जास्त जवळची वाटते. तिथे एकच विचारतात, अनुभवी तज्ज्ञाने हे टाळलं असतं का? टाळता येण्यासारखं होतं, तर पैसे. कुणाच्या कपाळावर शिक्का मारायचा का, हे वेगळं खातं ठरवतं.

राज्यात याची सुरुवात हाडांपासून करावी, कारण तिथे प्रश्न आटोपशीर आहे. जुना एक्स-रे आणि नवा एक्स-रे शेजारी ठेवले की तीन डॉक्टरांचं मंडळ एका बैठकीत सांगू शकतं, टाळता आलं असतं की नाही. दुसऱ्या शस्त्रक्रियेचा खर्च आणि बुडालेल्या मजुरीचा ठरलेला दर एवढंच द्यायचं. पालिकेच्या रुग्णालयासाठी पालिका भरील, खासगीसाठी डॉक्टरांचा व्यावसायिक विमा. याला किंमत आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. न्यूझीलंडच्या नागरिकाला बदल्यात नुकसानीच्या दाव्याचा हक्क सोडावा लागला. आपल्याकडे तेवढं मागू नये. ठरलेली रक्कम घेऊनही उरलेल्यासाठी आयोगात जाता आलं पाहिजे, रक्कम वळती करून. डॉक्टर मोकाट सुटतील, हा आक्षेप मी बराच घोळवला. आज कोण बांधलेला आहे? बहुतेक रुग्ण तक्रारच करत नाहीत, म्हणून आजच चुका कुठे नोंदल्या जात नाहीत. मंडळापुढे एकाच दवाखान्याची मनगटं वारंवार येऊ लागली तर वैद्यकीय परिषदेला निदान पत्ता तरी कळेल. खोट्या दाव्यांची भीती रेल्वेच्या न्यायाधिकरणातही आहे, म्हणून कुणी 124अ रद्द करा म्हणत नाही.

तोवर जे आहे ते वापरायला हवं. पहिल्या एक्स-रेची फिल्म किंवा फाइल मागून घ्या, मोबाइलवर काढलेला स्क्रीनचा फोटो पुरत नाही. "मुका मार" म्हणाले तर ते कागदावर लिहून मागा, आणि परत कधी यायचं हेही. भरती झाला असाल तर लेखी मागणी केल्यापासून 72 तासांत नोंदी देणं डॉक्टरवर बंधनकारक आहे, आणि त्या तीन वर्षं जपणंही. दोन आठवड्यांनी दुखतच असेल तर अंगावर काढू नका, दुसरा एक्स-रे काढा. त्याची तारीख पुढे तुमच्या बाजूने बोलते. उपनगर जिल्ह्याचा ग्राहक आयोग वांद्रे पूर्वेला, चेतना कॉलेजजवळच्या प्रशासकीय इमारतीत आहे. तुम्ही जिथे राहता तिथल्या आयोगात तक्रार करता येते, रुग्णालय नाशिकचं असलं तरी. उपचारांसाठी मोजलेले पैसे पाच लाखांच्या आत असतील तर तक्रारीला शुल्क नाही, आणि वकील लावायची सक्तीही नाही.